शेवटच्या बाकावर मोरेश्वरकाका

पहिल्या वर्षीच्या गणपतीत आमची पंगत बसली आणि पानातली आमटी पळाली.

मिशिगनमधल्या नोव्हायपासून वीस मिनिटांवर आमच्या मराठी मंडळानं एक जुनं चॅपल विकत घेतलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीचं, लाल विटांचं. तोवर आमचा गणपती शाळेच्या जिममध्ये बास्केटबॉलच्या जाळीखाली बसायचा, त्यामुळे स्वतःची वास्तू मिळाल्यावर सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. चॅपलच्या तळघरात टेबल-खुर्च्या मांडलेल्या होत्या. पण परदेशातल्या मराठी माणसाला पंगत म्हणजे जमिनीवर मांडी घालूनच लागते. घरी तो बारा महिने डायनिंग टेबलावर जेवतो ती गोष्ट वेगळी. पुढची निम्मी बाकं आधीच्या लोकांनी काढून नेली होती, त्या मोकळ्या जागेत आम्ही सतरंज्या अंथरल्या आणि पानं मांडली.

आमटी वाढली आणि ती सगळ्यांच्या पानात एकाच दिशेला निघाली. आधी भाताला वळसा घातला, मग कोशिंबिरीत शिरली आणि शेवटी पत्रावळीची कड ओलांडून सतरंजीवर उतरली. मंडळाचा अध्यक्ष प्रताप नवा पांढरा कुर्ता घालून पहिल्या ओळीत बसला होता. मागच्या तीन ओळींची आमटी त्याच्यापर्यंत पोचली. त्याच्या पानातला बुंदीचा लाडू सुटला तो घरंगळत थेट समोरच्या पल्पिटच्या पायरीला जाऊन टेकला. पल्पिट म्हणजे प्रवचन करायचा उंच लाकडी मंच. मुलांनी लगेच उरलेल्या लाडवांच्या शर्यती लावल्या.

“फ्लोअर खचलाय,” कुर्ता झटकत प्रताप म्हणाला. “पूर्ण लेव्हल करून घ्यावा लागणार.”

तेव्हा मोरेश्वरकाका पानावरून उठले. शेवटच्या बाकापाशी गेले, खाली वाकून एक लाडू जमिनीवर सोडला आणि घड्याळ बघत त्याच्या मागोमाग चालत आले. सत्तरी उलटलेला माणूस एवढ्या गंभीरपणे लाडवामागे चाललेला मी पहिल्यांदाच पाहिला.

“खचलेला मजला इतका सरळ खचत नाही,” ते म्हणाले. “हा उतार मुद्दाम ठेवलाय.”

त्या लाडवावरून मंडळात जे भांडण पेटलं ते आठ महिने चाललं. त्या भांडणात मोरेश्वरकाकांचं काय पणाला लागलं होतं हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यांना नीलांबरीकाकूंचा, म्हणजे स्वतःच्या बायकोचा आवाज फक्त त्या चॅपलमध्ये धड ऐकू येत होता. घरी येत नव्हता.

मी आश्लेषा. मंडळाची सेक्रेटरी, म्हणजे व्हॉट्सॲपवर सगळ्यांची बोलणी खाणारी. माहेर नागपूरचं, त्यामुळे माझ्या पोटात काही राहत नाही असं माझा नवरा म्हणतो. नागपूरचा त्यात काय संबंध ते त्यालाच ठाऊक, पण पोटात राहत नाही हे खरं आहे, आणि या गोष्टीत त्याचा उपयोगच झाला.

मोरेश्वरकाका मिरजेचे. सतारमेकर गल्लीच्या तोंडाशी त्यांचं भाड्याचं घर होतं. शाळेतून आल्यावर पोरं विटी-दांडू खेळायची आणि हे तंबोऱ्याच्या कारागिरापाशी बसून राहायचे. वाळलेल्या भोपळ्यावर टिचकी मारून कुठला गोड बोलेल आणि कुठला मुका राहील हे त्यांना दहाव्या वर्षी कळायचं, असं ते सांगतात. ते सांगतात म्हणजे खरंच असणार, कारण फुशारकी मारायला लागणारा उत्साह त्यांच्यात नाही. पुढे इंजिनिअर झाले, डेट्रॉइटला आले आणि एका मोटार कंपनीत एकतीस वर्षं एकच काम केलं: गाडीतला नको असलेला आवाज शोधून काढायचा. चालत्या गाडीत डोळे मिटून बसायचे आणि म्हणायचे, “मागचं डावं बेअरिंग.” तिथली तरुण मुलं यंत्रं लावून दोन दिवसांनी त्याच उत्तराला यायची.

अशा माणसाचे कान जावेत याला काय म्हणायचं? निवृत्तीनंतर तीन-चार वर्षांत उजवा गेला, मग डावाही अर्धा. दोन्ही कानांत मशीन आलं. मशीननं आवाज मोठा होतो, पण तो डब्यातून आल्यासारखा येतो. स्वयंपाकघरात एक्झॉस्टचा पंखा, नळ आणि बायको तिन्ही एकाच पातळीवर बोलू लागतात. काका हळूहळू मान हलवायला शिकले. काकू काही बोलल्या की मान हलवायची, म्हणजे पुढचा प्रश्न येत नाही. काकू शिक्षिका होत्या, पुण्याच्या शाळेत काही वर्षं शिकवून आलेल्या. ऐकू न आलेला विद्यार्थी मान कशी हलवतो हे त्यांना कळत नसेल? त्यांनीही मग एकेक गोष्ट सांगणं सोडून दिलं. भांडण नाही, रुसवा नाही. नुसतं घर शांत झालं.

पण आधी त्या चॅपलबद्दल सांगायला हवं, कारण काका त्या वर्षी अक्षरशः त्याच्या प्रेमात पडले होते.

लाडू घरंगळल्यापासून ते दर मंगळवारी-गुरुवारी किल्ली घेऊन तिथे जायला लागले. खिळे ठोकले, कुजलेल्या चौकटी बदलल्या, खिडक्यांवर चढलेला मेणचट रंग खरवडला. वरच्या माळ्यावरच्या कपाटात त्यांना कापडात गुंडाळलेला एक नकाशा सापडला. हे चॅपल बांधणारी माणसं इंग्लंडमधून, यॉर्कशरमधल्या एका गिरणीगावातून आलेली विणकर मंडळी होती. त्यांनी गावातल्या आपल्या चॅपलचा नकाशा बरोबर आणला आणि मिशिगनच्या चिखलात तसंच्या तसं उभं केलं.

“ही कोण लोकं, माहितीय का?” एका गुरुवारी मी कागदपत्रं द्यायला गेले तेव्हा काका म्हणाले. “तिथल्या सरकारी चर्चला न मानणारी. राजा ज्या देवळात जातो तिथे आम्ही जाणार नाही, म्हणाली. मग यांना बिशप नाही, मूर्ती नाही, रंगीत काच नाही. आत येऊन बघ, तुला काय दिसत नाही ते सांग.”

मी बघितलं. बाहेर शिखर नव्हतं. विटांची साधी त्रिकोणी भिंत, त्यावर दगडात कोरलेलं नाव आणि साल, आणि खाली दोन सारखी दारं. आत तिन्ही बाजूंनी लाकडी गॅलरी, तिला बिडाचे बारीक खांब, इतके बारीक की कुणाच्याही समोर आडवे येत नाहीत. उंच कमानीच्या खिडक्या, साध्या काचेच्या. मधोमध पल्पिट, त्याला दोन्हीकडून जिने, आणि वर अधांतरी टांगलेली जाड लाकडी छत्री.

“गाभारा नाही,” मी म्हणाले.

काका इतके खूश झाले की त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. “बरोब्बर. गाभारा नाहीच. सगळा सभामंडप. आपण पहिल्या दिवशी या पल्पिटवर चढायला घाबरलो ना, की त्यांची देवाची जागा असेल? ती देवाची जागाच नाही. बोलणाऱ्याची आहे. या लोकांकडे शब्द सोडून काही नव्हतं. मग त्यांनी शब्द ऐकू येईल अशी खोली बांधली. मजला उतरता, म्हणजे पुढच्याचं डोकं मागच्याच्या कानाआड येत नाही. गॅलरी वळवलेली, म्हणजे लांबचा माणूसही जवळ. वरची छत्री आवाज वाया जाऊ देत नाही, पुढे ढकलते. ही इमारत नाही गं, हा भोपळा आहे.” असं म्हणून त्यांनी पल्पिटच्या फळीवर बोटानं टिचकी मारली आणि कान लावून बसले.

यॉर्कशरच्या त्या गावच्या वाचनालयात त्यांनी ईमेल केली. तिथल्या एका बाईंनी फोटो पाठवले. मूळचं चॅपल उभं होतं, पण आत आता गालिचांचं गोदाम होतं. गॅलरी पाडलेली, पल्पिट विकलेलं, मजला सपाट. काकांनी तो फोटो मला दाखवला. म्हणाले, “जोडीतला एक तंबोरा गेला.”

इकडे प्रतापनं आपला प्लॅन तयार केला होता. प्रतापबद्दल वाईट बोलणार नाही. ठाण्याचा, दिलदार, मंडळासाठी राबणारा माणूस, पण त्याला आवाज म्हणजे स्पीकरच कळतो. त्याच्या लग्नात म्हणे सनईसुद्धा सबवूफरवर होती. त्याचं म्हणणं साधं होतं. मजला सपाट करायचा, म्हणजे पंगत बसेल. पल्पिट आणि छत्री काढून तिथे स्टेज, म्हणजे नाटकं होतील. बाजूच्या गॅलऱ्या कापून तिथे मोठे स्पीकर. मेच्या दुसऱ्या रविवारी सर्वसाधारण सभेत मतदान ठरलं.

काकांनी विरोध केला तो इंजिनिअरसारखा. कमिटीपुढे बेचाळीस स्लाइड दाखवल्या. प्रत्येक स्लाइडवर आलेख. अकराव्या स्लाइडला दोघं फोन बघत होते, विसाव्याला चहा आला, तिसाव्याला एक काकू घोरायला लागल्या. त्या खोलीत घोरणंसुद्धा स्वच्छ ऐकू येतं, हा त्यातला एकच मुद्दा सगळ्यांच्या लक्षात राहिला.

“काका, रिस्पेक्ट आहे तुमच्याबद्दल,” प्रताप म्हणाला, “पण यार, कोण माइकशिवाय बोलतं आजकाल? लोकांना फंक्शनॅलिटी पाहिजे.”

काकांनी मान हलवली. त्यांना ऐकू आलं होतं की नाही कुणास ठाऊक.

खरं काय ते माझ्या मुलीनं शोधून काढलं. आन्या आठ वर्षांची आहे. रविवारी सकाळी चॅपलमध्ये मराठी शाळा भरते आणि शेवटची वीस मिनिटं नीलांबरीकाकू पल्पिटवर उभ्या राहून मुलांना गोष्ट वाचून दाखवतात. मोरेश्वरकाका तेवढी वीस मिनिटं शेवटच्या बाकावर, डाव्या कोपऱ्यात येऊन बसतात. आम्हाला वाटायचं, काकूंना गाडीनं घरी न्यायला थांबलेत. एप्रिलमध्ये एका रविवारी आन्या त्यांच्या गाडीत विसरलेली तिची वही आणायला गेली आणि परत येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, “आजोबा, यू फरगॉट युअर इअर्स. दे आर इन द कपहोल्डर.”

काका लाल झाले. मुलं पांगल्यावर मी त्यांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले, मुद्दाम तोंडासमोर तोंड आणून.

“काका, मशीन विसरलात?”

“विसरलो नाही.” ते पल्पिटकडे बघत होते. तिथे काकू पुस्तकं आवरत होत्या. “मशीनमधून ऐकू येतं ते कुणाचंही असू शकतं. इथे बसलं की तिचा आवाज येतो. तिचा स्वतःचा. लग्नाआधी तिला पुण्याला बघायला गेलो होतो, तेव्हा दारामागून आला होता तो.” मग घाईघाईनं म्हणाले, “तिला सांगू नकोस. तिला वाटेल मी घरी ऐकायचा प्रयत्न करत नाही.”

“मग सभेत हेच सांगा ना. बेचाळीस स्लाइड कशाला?”

“माझ्या कानासाठी मंडळानं मजला वाकडा ठेवायचा? हा काय मुद्दा झाला?”

मी सांगणार नाही म्हणून वचन दिलं. ते मंगळवारपर्यंत टिकलं, आणि माझ्या मानानं हे फार झालं. मंगळवारी काकूंना देशी दुकानात सोडायला निघाले होते. सिग्नलला गाडी थांबली आणि मी सगळं सांगून टाकलं.

काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या.

“म्हणजे हे दर रविवारी माझ्यासाठी येतात?” त्या म्हणाल्या. “आणि मी समजत होते, यांना माझ्या बोलण्यात आता रस उरला नाही. दोन वर्षं मी यांना एक गोष्ट सांगितली नाही, आश्लेषा. शेजारणीची मुलगी डॉक्टर झाली, सांगितलं नाही. माझी दाढ काढली ती नुसती कागदावर लिहून दाखवली. आणि हा माणूस शेवटच्या बाकावर बसून माझ्याकडून कोल्ह्याच्या गोष्टी ऐकतोय.” मागच्या गाडीनं हॉर्न दिला, तरी त्या बोलतच होत्या. दुकानातून पिशवी भरून निघाल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “सभा किती वाजता आहे?”

सभा दुपारी दोनला होती. सत्तरएक माणसं आली. प्रतापनं पडद्यावर नव्या हॉलचं चित्र दाखवलं, चकचकीत, सपाट, दिव्यांनी उजळलेलं. लोकांना आवडलं. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. काका शेवटच्या बाकावर डाव्या कोपऱ्यात बसले होते, कानांत मशीन घालून, हरलेल्या माणसासारखे नीटनेटके.

“कुणाला काही बोलायचंय?” प्रतापनं विचारलं.

नीलांबरीकाकू उठल्या. साडीच्या निऱ्या एका हातात धरून पल्पिटच्या जिन्यानं वर चढल्या. प्रताप माइक घेऊन धावला. “काकू, हा घ्या, मागे ऐकू नाही जाणार.”

“तेच बघायचंय,” काकू म्हणाल्या. “आश्लेषा, मागे जा. यांच्या कानातली मशीनं काढून तुझ्याजवळ ठेव.”

सत्तर माना मागे वळल्या. मी गेले. काकांनी माझ्याकडे असं बघितलं की वचन मोडल्याची लाज मला त्या क्षणी पुरेपूर वाटली. पण त्यांनी दोन्ही मशीनं काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग काय करावं न सुचून मीही तिथेच त्यांच्याजवळ बसले.

काकूंनी आवाज चढवला नाही. स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता बोलावं तशा बोलल्या.

“अहो, मिरजेला शैलावन्संच्या दारात तुम्ही सहा वर्षांपूर्वी सोनचाफ्याचं रोप लावलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रात तो पहिल्यांदा फुलला. वन्संचा फोन आला होता. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही नुसती मान हलवलीत. मला कळलं, तुमच्यापर्यंत पोचलं नाही. पुन्हा सांगायचा मी कंटाळा केला. चूक माझी.”

 पंखा बंद होता. काका बाकावर थोडे पुढे झुकले.

“किती फुलं आली?” त्यांनी विचारलं.

तेही साध्याच आवाजात. तो आवाज सगळ्यांच्या डोक्यांवरून पल्पिटपर्यंत गेला, कारण खोली दोन्हीकडून चालते.

“सात,” काकू म्हणाल्या. हे त्या मुद्दाम हळू म्हणाल्या.

“सात,” काका म्हणाले. “पहिल्या वर्षाला चांगली आहेत. तिला म्हणावं मुळाशी फार पाणी घालू नको.”

“तुम्हीच सांगा. उद्या सकाळी फोन लावू.”

मी चष्मा काढून पुसला. माझ्या पुढच्या बाकावरची बाई उघड रडत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. प्रताप माइक हातात धरून खालीच उभा होता. मग तो गॅलरीच्या जिन्यानं वर गेला, अगदी टोकाला जाऊन कठड्याला रेलला. “काकू, अजून एकदा काहीतरी बोला ना प्लीज,” तो म्हणाला. “काहीही.”

“प्रताप, तुझ्या कुर्त्यावरचा आमटीचा डाग अजून गेला नाहीये,” काकू म्हणाल्या.

हशा पिकला. वर प्रतापनं छातीकडे बघितलं, आणि तोही हसला. खाली येऊन त्यानं लॅपटॉप मिटला. “ओके,” तो म्हणाला. “मजला आहे तसा राहू दे. पल्पिट, गॅलरी, छत्री, सगळं राहू दे. पंगत तळघरात, टेबलावर. कुणाची हरकत?” माझ्या वहीत एकही हरकत नोंदलेली नाही.

लोक उठले, चहाकडे निघाले. काकू मात्र पल्पिटवरून उतरल्या नव्हत्या. दोन्ही हात कठड्यावर टेकून बोलत होत्या: शेजारणीची मुलगी डॉक्टर झाल्याचं, दाढेचं, घरच्या तळघरातल्या फ्रीजमध्ये काकांपासून लपवून ठेवलेल्या आंब्याच्या डब्याचं. दोन वर्षांचं साठलेलं होतं, ते एकामागून एक येत होतं. काका डाव्या कोपऱ्यात हनुवटी हातावर टेकून ऐकत होते.

मी त्यांच्यापुढे मशीनं धरली. “काका, घ्या.”

त्यांनी माझ्याकडे न बघताच हात आडवा केला.

“थांब जरा,” ते म्हणाले. “ती बोलतेय अजून.”